तांब्यावर कोरलेले प्रभूचे दुःखसहन



प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आपल्या देवळात क्रुसाची वाट होते. फर्स्ट शिफ्टची माणसे संध्याकाळी येतात, सेकंड शिफ्टची सकाळच्या मिस्सेनंतर भिंतीवरील चौदा चित्रांसमोर एकेकटी फिरून जातात. याच चित्रांवरून धर्मशिक्षणाच्या शिक्षिकांनी यंदा एक प्रश्न काढला. पहिल्या कम्युनियनच्या मुलांना फटके, काटे, खिळे यांची चित्रे दाखवावीत का? मुले घाबरतात, काही आया तक्रार करतात. त्याच बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे अगदी उलट होते. हल्ली मुले मोबाइलवर काय काय पाहतात, मग प्रभूचे रक्त पाहून त्यांचे काय बिघडणार आहे, असे ते म्हणाले.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून हो किंवा नाही असे एका शब्दात सांगून मोकळे होण्याऐवजी मी आज तुम्हांला पाचशे वर्षांपूर्वीच्या काही चित्रांपाशी नेणार आहे. त्यांपैकी तीन चित्रांच्या मोठ्या केलेल्या प्रती मागच्या दाराजवळच्या फलकावर लावल्या आहेत. मिस्सा संपल्यावर बाहेर पडण्याची घाई न करता त्यांच्यासमोर दोन मिनिटे थांबावे, एवढी विनंती.

ही चित्रे रंगवलेली नाहीत. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून मग कागदावर छापलेली आहेत. कोरीव छापचित्र म्हणजे काय, हे दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामात समजावताना मला फळ्यावर आकृती काढावी लागली असती. येथे भोसरी आणि चाकणच्या टूल रूममध्ये डाय घडवणारी माणसे बाकांवर बसलेली आहेत, त्यामुळे माझे काम सोपे आहे. लाकडी ठशात जो भाग उंच ठेवलेला असतो तो शाई घेतो, आपल्या ऑफिसातील रबरी शिक्क्यासारखा. तांब्याच्या पत्र्यात नेमके उलट घडते. खोदलेली चर शाई धरून ठेवते आणि वरचा सपाट पृष्ठभाग पुसून स्वच्छ केला जातो.

कोरण्याचे हत्यार म्हणजे कडक केलेल्या पोलादाची चौकोनी सळई. तिचे टोक तिरके घासून धार दिलेली असते आणि मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ असते. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. उजवा हात हत्यार पुढे रेटतो, पण वळणाची रेघ हवी असेल तेव्हा हत्यार वळत नाही, डावा हात पत्रा फिरवतो. जॉब फिरतो आणि टूल आपल्या जागी राहते, हे लेथवर उभे राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. रेघेच्या कडेला तांब्याचा बर उठतो, तो स्क्रेपरने काढून टाकतात. हत्यार जरा जास्त दाबले की चर खोल आणि रुंद होते, म्हणून छापल्यावर तीच रेघ जाड दिसते. दाब कमी झाला की ती केसासारखी बारीक होत नाहीशी होते. शाई भरून, पत्रा पुसून, त्यावर ओलसर कागद ठेवून सगळे मिळून उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून काढतात. त्या दाबाने कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. चित्र अर्थात उलटे उमटते. कारागिराला उजवा हात डावा, डावा हात उजवा असे सगळे मनात फिरवून कोरावे लागते.

युरोपात ही कला पंधराव्या शतकात सोनारांच्या दुकानांतून निघाली. दागिन्यावर आणि भांड्यावर नक्षी कोरणाऱ्या हातांनाच ती सुचणार. कोलमार गावचा मार्टिन शोनगावर हा सोनाराचा मुलगा. त्याने दुःखसहनाची बारा चित्रांची मालिका कोरली. त्याशिवाय क्रूस वाहणाऱ्या प्रभूचे एक फार मोठे चित्रही केले. त्या चित्रात सैनिक, घोडेस्वार आणि बघे यांची प्रचंड गर्दी आहे, आणि तिच्या मधोमध ओझ्याखाली वाकलेला प्रभू मान वळवून थेट आपल्याकडे पाहतो. गर्दीतल्या इतरांपैकी कोणाला त्याच्याशी देणेघेणे आहे असे दिसत नाही. निगडीच्या चौकात अपघात झाल्यावर भोवती जमणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा.

न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर, जन्म १४७१, हाही सोनाराचाच मुलगा. शोनगावरला भेटण्यासाठी तो १४९२ मध्ये कोलमारला गेला, पण शोनगावर आदल्याच वर्षी वारला होता. गुरू भेटला नाही, तरी त्याची छापलेली चित्रे हाती होती आणि त्यांवरून ड्यूररला पुष्कळ काही शिकता आले. पुढे ड्यूररने प्रभूच्या दुःखसहनाची मालिका एकदा नव्हे, तीनदा केली. दोन लाकडी ठशांत आणि एक तांब्यावर. तांब्यावरची मालिका १५०७ ते १५१३ या काळात तयार झाली. तिच्यात सोळा चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्र साधारण बारा सेंटिमीटर उंच आणि साडेसात सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे तळहातावर मावेल एवढे. आपल्या फलकावरील प्रती कितीतरी मोठ्या केलेल्या आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

हा लहान आकार मला महत्त्वाचा वाटतो. त्याआधी प्रभूच्या दुःखसहनाचे उत्तम चित्र पाहायचे तर मोठ्या देवळातील वेदीपर्यंत जावे लागे, किंवा हाताने रंगवलेले प्रार्थनेचे पुस्तक विकत घेण्याइतकी श्रीमंती लागे. तांब्याच्या एका पत्र्यातून मात्र शेकड्यांनी प्रती निघत. ड्यूररची पत्नी आग्नेस फ्रँकफुर्टच्या जत्रेत त्याची छापचित्रे विकायला बसत असे. १५२० आणि १५२१ मध्ये तो नेदरलँडमध्ये हिंडला. त्या प्रवासाच्या रोजनिशीत दुःखसहनाचे संच कोणाला भेट दिले, कोणाला विकले, याच्या नोंदी आहेत. ते संच माणसे घरी नेत आणि एकेक चित्र हातात धरून बघत. देवळातील चित्र सगळ्यांसाठी असते. हातातले चित्र एका वेळी एकालाच दिसते, आणि त्याच्या समोर तो एकटा असतो.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळू या. फलकावरील पहिले चित्र गेथशेमाने बागेचे आहे, १५०८ सालचे. प्रभू गुडघ्यांवर आहे आणि त्याचे दोन्ही हात वर उचललेले आहेत. आपल्या घरांतील कॅलेंडरवर तो शांतपणे हात जोडून एका खडकाला टेकलेला दिसतो आणि वरून प्रकाशाचा झोत येत असतो. ड्यूररचा प्रभू तसा शांत नाही, तो आकांत करतो आहे. आणि अलीकडे तीन शिष्य झोपलेले आहेत. नाइट शिफ्ट संपवून बसमध्ये मान टाकून झोपलेला माणूस पाहिलात की ही झोप ओळखू येईल. ती दुष्टांची झोप नाही. थकलेल्या साध्या माणसांची आहे, आणि म्हणूनच ती पाहताना जास्त टोचते.

दुसरे चित्र १५१२ चे, पिलात हात धुतो आहे. आपण मुलांना हा प्रसंग शिकवताना पिलात आणि येशू यांना समोरासमोर उभे करतो. ड्यूररने तसे केलेले नाही. पुढे, अगदी जवळ, पिलात बसला आहे आणि एक सेवक त्याच्या हातांवर पाणी ओततो आहे. प्रभू मागे आहे, आकाराने लहान, शिपाई त्याला घेऊन निघाले आहेत. ज्याच्याविषयी हे सगळे चालले आहे तो चित्राच्या कोपऱ्यातून निघून जातो आहे आणि चित्राचा मधला भाग एका अधिकाऱ्याच्या स्वच्छतेने व्यापला आहे. कागदावर सही झाली, फाइल पुढे गेली आणि ज्याचे नाव फाइलवर होते तो माणूस गेटबाहेर पडला, असा प्रसंग आपल्या औद्योगिक पट्ट्यात अनेकांनी पाहिला आहे. काहींनी टेबलाच्या या बाजूने, काहींनी त्या बाजूने.

या दोन्ही चित्रांत रक्ताचा एक थेंब दिसत नाही. संपूर्ण मालिकेत ते दिसतच नाही असे मात्र नाही. पहिल्याच पानावर स्तंभाजवळ उभ्या असलेल्या जखमी ख्रिस्ताच्या कुशीतून ते उडते. पण तेही काळ्या रेघांत. तांब्याच्या पत्र्यात लाल रंग भरता येत नाही. चित्रकार प्रभूचे दुःख रंगातून दाखवू शकत नाही, म्हणून त्याला ते हातांच्या ठेवणीतून, झोपलेल्या मित्रांतून, पाठमोऱ्या लहानशा आकृतीतून दाखवावे लागते. त्या पहिल्या पानावर खाली आणखी दोघे आहेत, पवित्र मारिया आणि संत योहान. मालिकेच्या आरंभीच ड्यूररने पाहणारी माणसे उभी केली आहेत. ती दोघे काही करत नाहीत, पाहतात.

येथे सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गाची सवय मला गप्प बसू देत नाही, तेवढी क्षमा असावी. जी गोष्ट प्रत्यक्षात पाहताना क्लेश होतो तिचे हुबेहूब चित्र मात्र माणूस आवडीने पाहतो, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. कारण पाहताना माणूस शिकतो, ओळखतो. यात सोय आहे, तसा धोकाही आहे. दुःख सुंदर चित्रातून दिसू लागले की ते पाहण्याची सवय होते आणि अखेर ते सजावट बनते. संत थॉमस अक्वायनस यांनी ही गाठ आपल्या पद्धतीने सोडवली. मन चित्राकडे वस्तू म्हणून वळते तेव्हा ते लाकडापाशी किंवा कागदापाशीच थांबते, आणि प्रतिमा म्हणून वळते तेव्हा जो दाखवला आहे त्याच्यापर्यंत जाते, असे ते सांगतात. ट्रेंटच्या धर्मसभेने डिसेंबर १५६३ मध्ये प्रतिमांविषयी जो निर्णय दिला त्याचे सारही हेच आहे. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोचतो. त्याच्याही पुष्कळ आधी, इसवी सन ६०० च्या सुमारास, मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी देवळातील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप ग्रेगरी यांनी त्यांना पत्राने समज दिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्र ग्रंथाच्या ठिकाणी असते, असे त्यांचे म्हणणे होते. चित्राची पूजा करू नये, हे सेरेनस यांचे म्हणणे मात्र त्यांनी मान्य केले.

तर पाहायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्यावर संत इग्नाशियस लोयोला यांनी जे शिकवले ते आपल्यापैकी ज्यांनी रिट्रीट केला आहे त्यांना ठाऊक आहे. शुभवर्तमानातील प्रसंग वाचायचा, ती जागा मनात उभी करायची, रस्ता किती रुंद, खोली किती उंच, कोण कोठे उभे आहे, आणि मग आपणही तेथे जाऊन उभे राहायचे. त्यांच्या साधनेचा तिसरा आठवडा पूर्णपणे प्रभूच्या दुःखसहनासाठी आहे. अशा चिंतनाला मदत व्हावी म्हणून त्यांचे सहकारी फादर जेरोनिमो नादाल यांनी शुभवर्तमानांवर चित्रांचे पुस्तक सिद्ध केले. नादाल १५८० मध्ये निवर्तले आणि पुस्तक १५९३ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाले. त्यात १५३ कोरीव चित्रे आहेत. चित्रातील प्रत्येक जागेला अक्षर दिलेले आहे आणि खाली त्या अक्षरासमोर तेथे काय घडते ते लिहिलेले आहे. मशीनच्या ड्रॉइंगवर भागांना आकडे देऊन बाजूला यादी देतात, तसेच.

या चित्रांपैकी बरीच वीरिक्स बंधूंनी कोरली. हे भाऊ लहानपणापासून इतके तयार होते की मिसरूड फुटण्याआधीच ड्यूररची चित्रे रेघेला रेघ उतरवत आणि खाली आपले वय कोरत. योहान वीरिक्सने ड्यूररच्या आदाम-हव्वेची नक्कल केली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा दहावी होऊन आयटीआयच्या पहिल्या वर्षात फायलिंग शिकत असतो. पण हात सोन्याचे असले तरी वागणूक तशी नव्हती. अँटवर्पचे थोर मुद्रक प्लांतां यांनी एका पत्रात तक्रार केली आहे की वीरिक्स बंधूंकडून काम हवे असेल तर त्यांना दारूच्या गुत्त्यांत शोधावे लागते, त्यांची देणी भागवावी लागतात आणि गहाण पडलेली हत्यारे सोडवून आणावी लागतात. हे वाचून मला जरा हसूही आले. प्रभूच्या दुःखसहनाची असंख्य चित्रे असल्या हातांनी कोरलेली आहेत. देवाला आपल्या कामासाठी कसली माणसे चालतात, याचा विचार आपण कॉन्ट्रॅक्टर निवडताना करतो तितका तो करत नसावा.

आता ही चित्रे आपल्या देशात कशी आली ते पाहू, कारण या गोष्टीत गोव्याचा आणि आपल्या मराठी भाषेचाही संबंध येतो.

ऑक्टोबर १५७९ च्या २४ तारखेला फादर थॉमस स्टीफन्स हा तरुण इंग्रज येशूसंघीय गोव्याच्या बंदरात उतरला. त्यानंतर साडेतीन आठवड्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, त्याच गोव्यातून तीन येशूसंघीय अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून उत्तरेकडे निघाले. इटलीचे रुडॉल्फ आक्वाविवा, कातालोनियाचे आंतोनियो मोन्सेरात आणि होर्मुझचे फ्रान्सिश्कु हेन्रिकिश. दमण आणि सुरत या मार्गाने ते १५८० च्या फेब्रुवारीअखेर फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी बादशहाला प्लांतां यांच्याच छापखान्यातील अनेकभाषी बायबलचे खंड भेट दिले. अकबराने ते ग्रंथ मस्तकी लावले आणि त्यांचे चुंबन घेतले, असे वृत्तांत सांगतात. या ग्रंथात दुःखसहनाची चित्रमालिका नव्हती, पण कोरीव मुखपृष्ठे होती. त्यानंतर येशूसंघीयांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून युरोपातील छापचित्रे दरबारात येत राहिली. फादर आक्वाविवा १५८३ मध्ये गोव्याला परतले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे आपल्या चार येशूसंघीय सोबत्यांसह मारले गेले. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

स्टीफन्स मात्र गोव्यातच राहिले, साष्टीच्या गावांत. तेथील लोकांची भाषा शिकून त्यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. उत्तरेकडे प्रभूचे दुःखसहन कागदावरच्या रेघांतून पोचत होते आणि दक्षिणेकडे ओव्यांतून लोकांच्या कानांवर पडू लागले होते. पुराण ऐकायला बसलेल्या साष्टीच्या शेतकऱ्याला तांब्याच्या पत्र्याची गरज पडली नाही. त्याची भाषा बोलणारा धर्मगुरू त्याला भेटला होता.

अकबराच्या मुलाला, शहजादा सलीमला, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहाला, युरोपीय चित्रांचा मोठा नाद होता. त्याच्या पदरी आका रझा नावाचे इराणी चित्रकार होते आणि त्यांचा मुलगा अबुल हसन वडिलांच्या हाताखाली शिकत होता. १६०० मध्ये या मुलाच्या हाती ड्यूररच्या तांब्यावरील मालिकेतील एक पान आले, १५११ सालचे, क्रुसावरील प्रभूचे. तळहाताएवढा तो कागद न्यूरेंबर्गहून निघून एकोणनव्वद वर्षांनी मोगल चित्रशाळेत पोचला होता. अबुल हसनने त्यातील एकच आकृती उचलली, क्रुसाखाली उभ्या असलेल्या संत योहानाची. हात एकमेकांत घट्ट गुंफलेले आणि चेहरा वर उचललेला. पोलादी हत्याराने कोरलेली रेघ त्याने ब्रशने काढली. अंगरख्याच्या चुण्या जशाच्या तशा ठेवल्या, पण हात मुलाचा असूनही रेघ मेलेली नाही. चित्रावर नोंद आहे की तो तेव्हा तेराव्या वर्षात होता. आज हे चित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. फलकावरील तिसरी प्रत त्याचीच.

त्यात क्रूस नाही. मुस्लिम श्रद्धेनुसार प्रभू येशू क्रुसावर मरण पावला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यावरून लगेच अनुमान काढू नये, कारण युरोपीय चित्रातील एकेक आकृती सुटी काढून तिचा सराव करणे ही त्या चित्रशाळेची नेहमीची रीत होती आणि अकबराच्याच चित्रकारांनी क्रुसावरील प्रभूची पूर्ण चित्रेही काढलेली आहेत. मला आकर्षण वाटते ते वेगळ्या गोष्टीचे. आपल्या श्रद्धेत न वाढलेला बारा वर्षांचा मुलगा दुःखसहनाचे चित्र समोर घेऊन बसतो आणि त्याला उतरवून घ्यावासा वाटतो तो पाहणारा माणूस. त्या कागदावर आता आपल्याला योहान दिसतो, आणि योहान ज्याच्याकडे पाहतो आहे तो कागदाच्या बाहेर कोठेतरी वर आहे. काही वेळ बघत उभे राहिलात तर तुमची नजरही तिकडे वळते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. बाकीचे शिष्य पळाले असताना तो प्रिय शिष्य मारियेसोबत क्रुसाजवळ उभा होता, आणि प्रभूने तेथूनच आईला त्याच्या स्वाधीन केले. तो प्रभूला खाली उतरवू शकत नव्हता. पण तो जवळ उभा होता म्हणून त्याला ते शेवटचे शब्द ऐकू आले आणि घरी आई न्यायला मिळाली. वायसीएमच्या वॉर्डाबाहेर रात्र काढलेल्यांना हे उभे राहणे माहीत आहे. हातांनी काही करता येत नाही, तरी उठून जाववत नाही.

थोडे विषयांतर करतो, पुणेकरांना ते आवडेल. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला मराठी मुलखात फार उशिरा रुजली. दानपत्रांसाठी तांब्यावर अक्षरे खोदण्याची परंपरा आपल्याकडे शेकडो वर्षांची, तांबट कारागीरही घरोघर. पण त्या चरांत शाई भरून कागद दाबावा, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रज वकील मॅलेट यांच्या पदरचे चित्रकार आले तेव्हा येथे माहीत झाले. नाना फडणविसांनी एका तांबटाकडून भगवद्गीता पत्र्यांवर कोरवून घेण्याचे मनात घेतले होते. नानांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेला गेला आणि १८०५ मध्ये तेथील पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापून निघाली. पुण्याच्या तांबट आळीत अजूनही ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. कसब्यात गेलात तर मुलांना घेऊन जा.

आता शिक्षिकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझे मत असे आहे की आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दुःखसहनाची चित्रे जरूर दाखवावीत, पण कोणती आणि किती वेळ याला महत्त्व आहे. लाल रंगाने भडक केलेली, पटापट बदलणारी चित्रे मुलांना घाबरवतात किंवा निर्ढावतात, आणि या दोहोंत मला फारसा फरक वाटत नाही. ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले ते खरे आहे, मोबाइलवर मुले याहून भयंकर पाहतात, पण ती एका चित्रावर तीन सेकंदसुद्धा थांबत नाहीत. एका तासाला एकच चित्र पुरे. शिक्षिकेने आधी काही सांगू नये. कोण कोण दिसते, कोण झोपले आहे, कोण कोणाकडे पाहते आहे, कोणाचे हात काय करत आहेत, एवढेच विचारावे. नादाल यांच्या पुस्तकातील अक्षरांचा उपयोग हाच होता. मुले पिलाताच्या चित्रात प्रभू कोठे आहे हे शोधू लागतात, आणि तो मागे सापडला की गप्प होतात. त्या गप्प होण्यानंतर शुभवर्तमान वाचावे. एखादे मूल रडले तर त्याला रडू द्यावे, जवळ घ्यावे, विषय बदलू नये. फटक्यांचे आणि खिळ्यांचे तपशील मात्र त्या वयात वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. शुभवर्तमाने फटके मारण्याचा प्रसंग एखाद्या वाक्यातच उरकतात, आणि पेत्राच्या रडण्याला किंवा पिलाताच्या चलबिचलीला त्याहून जास्त जागा देतात. आपणही तेच प्रमाण धरावे.

मोठ्यांसाठी हीच पद्धत क्रुसाच्या वाटेला लागू आहे. चौदा स्थाने ही संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये निश्चित केली. चौदाही स्थाने पूर्ण होतात, पण शेवटी कोणते चित्र डोळ्यांसमोर राहिले असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. ज्यांना शिफ्टमुळे शुक्रवारी येता येत नाही त्यांनी घरी एकाच स्थानासमोर दहा मिनिटे बसले तरी चालेल.

फलक पवित्र शनिवारपर्यंत राहील. झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले अबुल हसनसारखी एकच आकृती निवडून तिचे चित्र काढणार आहेत. आई-वडिलांनाही बसायचे असेल तर बसावे. पेन्सिल, खोडरबर आणि कोरे कागद घरून आणावेत. रंगपेट्या आणू नयेत.